निवंस्तवर

वस्ताद, हे मी घाईने लिहितो आहे. तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडेही झाले नाहीत. घाईत घेतलेलं माप तुम्ही कधी धरलं नाहीत, तेव्हा हेही धरू नका. चार-सहा महिने जाऊ देऊन लिहिलं असतं तर नीट लिहून झालं असतं, हे मला कळतं. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी दिवाळीपासून पुढे ढकलत आलो. आता आणखी ढकलायचा धीर होत नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणून मी असं धरून चालतो की हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवतो आहे. आपल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, टाइमकीपरच्या टेबलाशेजारच्या बाकावर तुम्ही बसला आहात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आहे, आणि वाचणारा अडखळला की "फुडं" म्हणता आहात.

मी तुमच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बी.एस्सी. होऊन मला वर्ष झालं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. पुणतांब्याच्या शाळेतून मी कोपरगावच्या कॉलेजात गेलो, गणितात पास झालो, आणि मग वर्षभर घरी बसलो. गावात रोज कुणीतरी विचारायचं, मास्तर कधी होणार? शेवटी मामाच्या ओळखीने कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून जागा मिळाली. आई रडली. पदवी घेऊन लोखंड घासायला चाललाय म्हणाली.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, बीएशी म्हंजी कितवी? मी म्हणालो, पंधरावी.

"पंधरा वर्सं बसलास, आन् आता हुभं ऱ्हायला आलास व्हय," तुम्ही म्हणालात. सगळी शेड हसली. तुम्ही हसला नाहीत. लाकडाची एक फळी पायाने माझ्याकडे सरकवलीत आणि सांगितलंत की फरशी गार असते, गुडघे जातात, फळीवर उभा राहा. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी बीएशी झालो. माझं खरं नाव तुम्ही कधी घेतलं की नाही, आठवत नाही.

तुमचं नाव आसराबा, हे मला पगाराच्या दिवशी अंगठा लावताना ऐकू आलं. बाकी सगळे वस्ताद म्हणायचे, चीफ इंजिनिअर, म्हणजे चीफसाहेब, सोडून. तुमची गोष्ट तुम्ही एकदम कधी सांगितली नाहीत. भाकरी खाताना आज एक तुकडा, महिन्याने दुसरा, असं करून मी ती जुळवली. तुम्ही पाथर्डीकडचे. कारखान्यावर आलात ते ऊस तोडायला, बैलगाडी घेऊन. गाडीचा आख वाकला म्हणून तो घेऊन वर्कशॉपमध्ये आलात, आणि लेथवर फिरणारं लोखंड दह्यावरच्या सायीसारखं निघताना पाहून तिथेच उभे राहिलात. सोबतचे लोक हाका मारून दमले. पुढच्या हंगामाला कोयता न घेता आलात आणि वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागलात. अकरा वर्षं तुम्ही ओझी उचलली, लेथखाली पडलेल्या लोखंडाच्या चिप्स झाडल्या, दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं. मग लेथ मिळाला. "मागतलं न्हाई," तुम्ही म्हणालात, "म्हातारा टर्नर आजारी पडला आन् काम अडलं. म्या केलं."

मी तुम्हाला काय दिलं, तर मिलिमीटर. नवीन ड्रॉइंगं मिलिमीटरमध्ये यायला लागली होती आणि तुमचा सगळा हिशेब इंचाचा: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धं सूत, आणि बारीक काम असेल तर थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी लेथच्या बेडवर खडूने लिहून तुम्हाला दशांश शिकवला. तुम्ही आठ दिवसांत शिकलात. "आदी सूत हुतं, मंग थाऊ आला, आता ह्ये," तुम्ही म्हणालात, "लोखंड त्येच हाय."

तुम्ही मला काय दिलंत ते सांगायला मात्र एक दिवस पुरेसा आहे.

गाळप ऐन भरात होतं. चरक फिरवणाऱ्या गिअरचा शाफ्ट तुटला आणि कारखाना थांबला. फाटकापासून हमरस्त्यापर्यंत गाड्या लागल्या. बैल सोडले गेले, ऊस वाळायला लागला, आणि त्या गाड्यांखाली सावलीला बसलेली माणसं तुमच्याच मुलखातली होती. नवा शाफ्ट तुम्ही सकाळी लेथवर चढवलात. चीफसाहेब दर दहा मिनिटांनी येऊन उभे राहत होते. दुपारपर्यंत सगळं उतरलं, राहिला फक्त शेवटचा हात. केसाएवढी चिप काढायची की गिअर बसणार. आणि तुम्ही लेथ बंद केलात.

चीफसाहेबांनी विचारलं, थांबलास का? तुम्ही म्हणालात, तापलाय. साहेब म्हणाले, मग पाणी मार.

"पान्यानं वरून निवतं, सायेब. आतून न्हाई."

"अरे, मग किती वेळ?"

"निवंस्तवर."

साहेबांचा चेहरा लाल झाला. बाहेर शंभर गाड्या उभ्या होत्या आणि वर्कशॉपमधला एक माणूस स्टुलावर बसून लोखंडावर हात ठेवून स्वस्थ होता. साहेब निघून गेले. तुम्ही तळहात शाफ्टवर तसाच ठेवलात, ताप आलेल्या लेकराच्या पोटावर ठेवावा तसा. मी हळूच विचारलं, वस्ताद, गेज लावून पाहू का? तुम्ही म्हणालात, "तापलेलं माप खोटं बोलतंय. आत्ता बरूबर भरंल, आन् निवल्यावर ढिलं हुईल. मंग बस बोंबलत." उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे मी कॉलेजात दोन वेळा लिहून मार्क मिळवले होते. ते खरं असतं, हे मला त्या दुपारी कळलं.

पाऊण तासाने तुम्ही हात काढलात, शेवटचा हात मारलात, आणि गिअर एका बैठकीत बसला. थोड्या वेळाने साहेबांच्या केबिनमधून चहा आला, दोन कप. दुसरा तुम्ही मला दिलात.

पुण्याची जाहिरात मी पेपरात वाचली ती त्यानंतर वर्षाने. परदेशातून आलेल्या, टेपवर चालणाऱ्या मशीनसाठी गणिताचे पदवीधर हवे होते. ज्याने थोडं तरी लेथवर काम केलंय त्याला आधी घेणार होते. मला वाटलं, ही जाहिरात माझ्यासाठीच लिहिली आहे. तुम्ही एका शब्दाने अडवलं नाहीत. जा म्हणालात, इथं ऱ्हाऊन काय करतूस. पण काम काय असतं, ते नीट विचारून घेतलंत. मी सांगितलं की ड्रॉइंग बघून प्रत्येक हालचाल आकड्यांत लिहायची, ते आकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून उतरवायचे, पट्टी मशीनला लावली की मशीन आपोआप कापतं.

"मंग टर्नर काय करतूय?"

मशीनवर जॉब चढवतो आणि कापून झाला की उतरवतो, मी म्हणालो.

तुम्ही बराच वेळ सुपारी चावत राहिलात. "म्हंजी हमाल," एवढंच बोललात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटलं नाही. मी सुट्टीला आलो की आपण ते जिथे सोडलं तिथून उचलायचो. मी म्हणायचो, मशीन थकत नाही, शंभरावा जॉब पहिल्यासारखाच काढतं. तुम्ही म्हणायचात, मपला शंभरावा पहिल्यापरीस चांगला असतो, त्याचं काय? मी म्हणायचो, तुमच्यासारखी अकरा वर्षं पुढच्या माणसाला घालवावी लागणार नाहीत. यावर तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलं. "आकरा वर्सं घालवली न्हाईत म्या," तुम्ही म्हणालात. मग शांत होऊन जे बोललात ते माझ्या मनातून गेलेलं नाही: "तुमी शिकलेली मान्सं हातातलं काढून भोकात घालताव. भोकाला नाव नस्तं रं."

त्या वेळी मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, नवीन गोष्टीला भितो.

पुण्यात मी कसा राहतो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही. आज सांगतो. आम्हा चार प्रोग्रामरना काचेची एक खोली आहे. बाकी तिघे इंजिनिअरिंग कॉलेजातले. ते आपसांत इंग्रजीत बोलतात आणि माझ्याकडे वळले की मराठीत. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. मेसमध्ये जेवतो, खोलीवर जातो. दिवसभरात कुणाशी दहा वाक्यं बोललो तर खूप. हात संध्याकाळीही सकाळसारखे स्वच्छ असतात. शर्टाला तेलाचा वास येत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं एक लहान वर्कशॉप आहे, त्यात एकच जुना लेथ. रविवारी तिथून जाताना मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून थांबतो आणि टूल बोथट झालंय की नाही ते ऐकतो. बहुधा झालेलं असतं. एकदा आत जाऊन सांगावंसं वाटलं, पण ते म्हणाले असते, तू कोण?

तुम्हाला ते मशीन दाखवायची माझी फार इच्छा होती. कारखान्यात बाहेरच्या माणसाला एरवी सोडत नाहीत. वर्षातून एक दिवस घरच्या लोकांना आत येऊ देतात, खंडेनवमीला, पूजेच्या वेळी. मी निरोप धाडला की त्या दिवशी या. मशीनवर काम करणाऱ्या माणसाने हा निरोप धाडावा, याची मला आजही लाज वाटते. खंडेनवमीला कुणी मशीन चालू करत नाही. हत्यारांना विसावा असतो. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. तुमच्या आलं असणार. तरी तुम्ही आलात.

धुतलेलं धोतर, नवी टोपी, तुमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या मावशींनी, दिलेला नारळ पिशवीत. एस.टी.तून उतरलात तेव्हा पाय सुजले होते. मशीनला झेंडूची माळ घातली होती, दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. तुम्ही दोन वेळा त्याच्याभोवती फिरलात. टूल ज्यांवर सरकतं ते गाईड पाहिले, बोट फिरवून पाहिलं, पट्टी वाचणाऱ्या पेटीपाशी थोडं वाकलात. आणि मग सगळ्यांच्या देखत मशीनच्या पत्र्याला कान लावलात.

आमचे कुलकर्णीसाहेब शेजारीच होते. चांगला माणूस. त्यांना तुमचं कौतुक वाटलं असावं. म्हणाले, बाबा, पाच मिनिटं चालू करून दाखवू का?

"नगं सायेब," तुम्ही म्हणालात. "आज त्याची सुट्टी हाय."

मग माझ्याकडे वळलात. "बीएशी, ह्याच्यात मपलं काय हाय रं?"

मपलं म्हणजे माझं, हे कुलकर्णीसाहेबांना कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अवघडल्यासारखं झालं, वस्ताद. तुमच्या त्या प्रश्नाने, तुमच्या बोलण्याने, पत्र्याला लावलेल्या कानाने. मी थोडंसं हसलो आणि म्हणालो, "यात तुमचं काही नाही, वस्ताद. हे सगळं गणित आहे."

तुम्ही मान हलवलीत. प्रसादाचं खोबरं खिशात टाकलंत, मावशींसाठी. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो. गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "आवाज ऐकायचा ऱ्हायला." मी म्हणालो, पुढच्या वेळी.

दिवाळीनंतर आमच्याकडे पोलादाच्या कड्यांचं एक काम आलं. बेअरिंग बसवायच्या कड्या, माप फार बारीक. टेप मी लिहिली होती. मशीनवर मोजलं की प्रत्येक कडी बरोबर भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीत तीच कडी तीन शतांश मिलिमीटर कमी. सबंध दिवसाचं काम भंगारात गेलं. टेप मी ओळ न् ओळ तपासली. भोकं मोजली. मशीनचे स्क्रू तपासले, गेज तपासले. दोन दिवस बाकी तिघे माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते, आणि चूक सापडत नव्हती. लेथवरून आलेल्या बी.एस्सी.कडून आणखी काय होणार, असं त्यांना वाटत असेल असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेटर शिंदे याने कडी काढून मोजायला घेतली, तेव्हा मी ती त्याच्या हातातून घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही. तिच्यावर तळहात ठेवला. कापताना तिच्यावर गार ठेवणारं साबणपाणी सारखं पडत होतं, वरून ती गार होती, आणि क्षणभराने आतून ऊब आली.

मला तिथे उभ्या उभ्या तुमचा स्टूल दिसला.

टेपमध्ये मी एक ओळ वाढवली. शेवटच्या हाताआधी मशीनने थांबायचं. एवढंच. पट्टीवर ती चार-दोन भोकं आहेत, नखाएवढ्या जागेत. मशीन थांबतं, जॉब निवतो, ऑपरेटर बटण दाबतो, मग शेवटचा हात. त्यानंतर एकही कडी कमी भरली नाही. कुलकर्णीसाहेबांनी विचारलं, हे कसं सुचलं? प्रोग्रामच्या कागदावर शेऱ्याचा एक रकाना असतो, तिथे मी इंग्रजीत लिहिलं होतं की तापमान स्थिर होण्यासाठी थांबा. साहेबांनी ते वाचलं, बाकी तिघांना दाखवलं, आणि म्हणाले, तुझी थिअरी पक्की आहे.

मी म्हणालो, थँक्यू सर.

हे सांगायचं होतं, वस्ताद. तुम्ही विचारलं होतंत, ह्याच्यात मपलं काय हाय. होतं. सगळ्यात नाजूक जागी तुमचंच होतं. आणि ते मला सापडलं त्या दिवशी मी ते माझ्या नावावर घेतलं.

तुम्हाला पत्र लिहायला बसलो होतो. पण ते टाइमकीपर वाचून दाखवणार, भर शेडमध्ये, आणि माझी कबुली त्याच्या तोंडून तुमच्या कानावर पडणार, ते मनाला पटेना. प्रत्यक्ष सांगू म्हटलं. संक्रांतीला येणार होतो. कड्यांचं काम वाढलं आणि रजा मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी रजा फार जोर लावून मागितलीही नाही. तुम्ही ऐकून काय म्हणाल, याची भीती वाटत होती. तुम्ही म्हणाला असतात, बघ, घातलंस का न्हाई भोकात? आणि ते बरोबर असतं.

माघात तार आली.

मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. अग्नी चुकला. गोदावरीच्या काठावर तुमचे जावई आणि वर्कशॉपमधले चार जण राख सावडायला आले होते, त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. वरची राख पांढरी, थंड दिसत होती. जावई घागरीने पाणी घालत होते. एकाने हात घातला आणि पटकन मागे घेतला. अजून ऊब हाय म्हणाला. जावयांनी आणखी एक घागर आणली. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, थोडं थांबू. का, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगता आलं नसतं. आम्ही सगळे वाळूत खाली बसलो. खिशात त्या टेपचा वीतभर तुकडा होता, तुम्हाला दाखवायला आणलेला. नदीत सोडावा असं एकदा वाटलं. पण तुम्ही विचारलं असतंत, भिजून काय उपेग? म्हणून परत आणला.

कॉलनीतल्या खोलीत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, बीएशी आला व्हय. त्यांनी सांगितलं की तुम्ही दोनच दिवस आजारी होतात, छातीत कफ झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायला उठून बसलात तेवढंच. मग त्या खंडेनवमीबद्दल बोलल्या. पुण्याहून आल्यावर तुम्ही चार दिवस गप्प होतात. मावशींनी खोदून विचारलं, पोरानं नीट बगितलं न्हाई का? तर तुम्ही म्हणालात, "न्हाई गं, लई नीट बगितलं. मशीन बी चांगलं हाय. निस्ता आवाज ऐकायचा ऱ्हायला."

"लई डाव म्हनायचे," मावशी म्हणाल्या. "कसा हाय रं त्याचा आवाज?"

मी म्हणालो, लेथसारखाच, पण बारीक. मग खिशातला तुकडा काढला, त्यांच्या हातात दिला, आणि ती ओळ दाखवली. इथं मशीन थांबतं, म्हणालो, जॉब निवेपर्यंत. हे वस्तादांचं आहे.

त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. उजेडासमोर धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग त्यान्ला सांगायचं की रं," त्या म्हणाल्या.

रागावल्या नव्हत्या. चहा घेतोस का विचारावं, तसं म्हणाल्या. तुकडा घडी न करता परत दिला आणि पदराने डोळे पुसले. मी बसून राहिलो. बाहेर गाळप चालू होतं, मळीचा वास येत होता, आणि वर्कशॉपमधून तुमच्या लेथचा आवाज येत होता. कुणीतरी दुसराच चालवत होता. टूल बोथट झालं होतं. मावशींनाही कळलं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

पुण्याला परत आल्यावर सोमवारी सकाळी मी कड्यांचा प्रोग्राम पुन्हा स्वच्छ लिहून काढला. टेपमध्ये काही बदल नव्हता. आकडे तेच, भोकं तीच. शेऱ्याच्या रकान्यात मात्र जुनं इंग्रजी वाक्य लिहिलं नाही. तिथे देवनागरीत लिहिलं: आसराबा. कुलकर्णीसाहेबांनी विचारलं, हे काय? मी त्यांना सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून. थँक्यू सर म्हणालो होतो तेही. त्यांनी ऐकून घेतलं. कागदाकडे पाहून म्हणाले, मशीनला ज्यांनी कान लावला होता ते बाबा ना? मी हो म्हणालो. त्यांनी सही केली आणि कागद शेडमध्ये धाडला.

माझं कर्ज फिटलं असं मी म्हणत नाही. तुमचा मुद्दा अजून उभा आहे. त्या मशीनवर टर्नर नाही, शिंदे आहे, आणि तो जॉब चढवतो आणि उतरवतो. तुम्ही जे अकरा वर्षांत मिळवलंत ते त्याला एका ओळीत मिळालं, त्यामुळे त्याला ते मिळालं असं तरी म्हणता येईल का, मला ठाऊक नाही. आपलं हे भांडण मला आता एकट्याने चालवावं लागणार. तुमच्या बाजूने मी बोलतो तेव्हा मला तुमच्याइतकं चांगलं बोलता येत नाही.

परवा मी काचेच्या खोलीत होतो. शिंदे दारात आला, हात पुसत.

"साहेब, आसराबा आला," तो म्हणाला.

मी एकदम उभा राहिलो. मग कळलं. मशीन त्या ओळीवर येऊन थांबलं होतं. शेडमधले ऑपरेटर आता त्या थांब्याला असंच म्हणतात. आसराबा कोण, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

मी त्याच्याबरोबर बाहेर गेलो. मशीन गप्प होतं. खंडेनवमीला तुम्ही त्याच्या पत्र्याला कान लावला होतात, तेव्हा होतं तसंच गप्प. तुम्हाला त्याचं जेवढं ऐकायला मिळालं, म्हणजे हे थांबणं, तेवढंच त्यात तुमचं आहे, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

शिंदेने विचारलं, साहेब, रोज अंदाजाने थांबतो, आता घड्याळ लावू का, किती वेळ थांबायचं? मी त्याचा हात धरला आणि तळहात कडीवर टेकवला. चटका बसत नव्हता, पण आत ऊब होती. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"निवंस्तवर," मी म्हणालो.